चार पोस्टकार्डं आणि थोडी हवा

मराठीत हवेला जितके अर्थ आहेत तितके वायू प्रत्यक्ष हवेतही नसतील. निवडणुकीत उमेदवाराची हवा असते आणि निकालाच्या दिवशी ती निघून जाते. बढती मिळालेल्याच्या डोक्यात हवा शिरते, बदली झाली की उतरते. नवी कोरी स्पोर्ट्‌स कार दारात उभी राहिली की मालकाची सोसायटीत हवा होते, आणि ती निदान पहिला हप्ता जाईपर्यंत टिकते. या साऱ्या हवा मोजण्याचं साधन अजून निघालेलं नाही. बिनचूक मोजता येते अशी हवा एकच, टायरमधली. आणि नेमकी तीच मोजायचा सगळ्यांना कंटाळा. गाडी शून्यावरून शंभरावर किती सेकंदांत जाते हे मालकाला दशांश चिन्हासकट पाठ असतं. टायरमध्ये हवा किती, असं विचारलं की मात्र तो आभाळाकडे बघतो आणि म्हणतो, "असेल तीस-पस्तीस." तीस-पस्तीस हे उत्तर साखरपुड्याला किती माणसं येतील या प्रश्नाला चालतं, टायरला चालत नाही. माझं म्हणणं अगदी थोडक्यात असं आहे: रस्त्यावर चालवायच्या स्पोर्ट्‌स कारला योग्य दाब म्हणजे कंपनीने गाडीवर चिकटवलेला आकडा, गार टायरवर, स्वतःच्या गेजने मोजलेला. यात गूढ काही नाही, म्हणूनच यावर कुणाचा विश्वास बसत नाही. आणि म्हणूनच हा पुढचा प्रपंच.

आधी मापाचं पाहू. हवेचा दाब पीएसआयमध्ये मोजतात, आणि घोटाळा इथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात पीएसआय म्हणजे फौजदार. एका गाडीत बत्तीस पीएसआय आहेत म्हटलं तर चारचौघं बंदोबस्त कशाचा म्हणून विचारतील. जुने मेकॅनिक यातून वाट काढून सरळ 'पौंड' म्हणतात, तेच बरं. बत्तीस पौंड याचा अर्थ टायरच्या आतली हवा दर चौरस इंचावर बत्तीस पौंडांचा जोर लावते आहे. आपल्या मापात दर चौरस सेंटिमीटरला सव्वादोन किलो. आता गाडीचं वजन दीड टन धरा. चार चाकांत वाटलं तर एका चाकावर पावणेचारशे किलो. त्याला सव्वादोनाने भागा. उत्तर येतं सुमारे १६७ चौरस सेंटिमीटर. टायरचा ढोबळमानाने तेवढाच तुकडा कुठल्याही क्षणी रस्त्याला टेकलेला असतो. आपलं टपालखात्याचं पोस्टकार्ड १४ बाय ९ सेंटिमीटरचं, म्हणजे १२६ चौरस सेंटिमीटर. तेव्हा कोटभर रुपयांची गाडी, तिचे शेकडो अश्वशक्तीचे घोडे, तिचे बशीएवढाले ब्रेक आणि मालकाची सोसायटीतली हवा, हा सगळा डोलारा पन्नास पैसेवाल्या पोस्टकार्डाहून जरा मोठ्या अशा चार तुकड्यांवर उभा असतो. वेग वाढवणं, वळणं, थांबणं, जे काही रस्त्याला कळवायचं ते याच चार पोस्टकार्डांवर लिहून पाठवावं लागतं. अक्षर चांगलं हवं की नको?

अक्षर बिघडतं ते दोन तऱ्हांनी. हवा कमी असली की टायर सैल विणलेल्या बाजेसारखा वागतो. बाजेवर झोपणारा मधे खचतो आणि भार जातो कडेच्या दांड्यांवर. तसंच इथे टायरचा मधला भाग वर उचलला जातो, दोन्ही कडा झिजतात, आणि बाजूची भिंत प्रत्येक फेऱ्यात वाकते, सरळ होते, पुन्हा वाकते. तार सारखी वाकवली की तापते हे शाळेतल्या पोरालाही ठाऊक असतं, रबरही तापतं. टायर फुटण्यामागे पुष्कळदा हीच उष्णता असते. त्यामुळे 'हवा जास्त झाली म्हणून फुटला' हे आपलं ठरलेलं निदान बऱ्याच वेळा उलटं असतं. हवा प्रमाणाबाहेर वाढली तर बाज आवळून फळीसारखी होते. मधलाच पट्टा रस्त्याला टेकतो, पोस्टकार्ड आक्रसतं, खड्ड्याचा दणका थेट मणक्यात पोचतो, आणि वळणावर पकड सुटते. कमी हवेची गाडी वळायला सांगितलं की सरकारी कचेरीसारखी आधी विचार करते. जास्त हवेची गाडी उतावळ्या नवरदेवासारखी लगेच उडी मारते. स्पोर्ट्‌स कारचे टायर रुंद आणि त्यांची भिंत बुटकी, त्यामुळे नुसतं बघून काही कळत नाही. साध्या गाडीचा टायर बसला की दिसतो. हा दहा पौंडांनी उपाशी असला तरी चेहऱ्यावर दाखवत नाही.

आता 'गार टायरवर' या शब्दांकडे वळू, कारण माझ्या म्हणण्याचा सगळा जोर तिथे आहे. बंद जागेतली हवा तापली की तिचा दाब वाढतो. टायरच्या बाबतीत ठोकताळा असा, की तापमान दहा अंश सेल्सिअसने चढलं की दाब दीड पौंडाने चढतो. पुण्यात जानेवारीच्या पहाटे दहा अंशांवर भरलेले बत्तीस पौंड नागपूरच्या मे महिन्यातल्या पंचेचाळीस अंशांत, गाडी जागची न हलवताही, पाच-सहा पौंडांनी फुगतात. गाडी पळाल्यावर तर विचारूच नका. आतली हवा चाळीस अंशांनी तापली की बत्तिसाचे अडतीस होतात. हे अपेक्षित आहे, कंपनीने ते धरूनच आकडा दिलेला असतो. पण आपला मालक एक्स्प्रेसवेवरून उतरून तडक पंपावर जातो, गेजवर अडतीस बघून दचकतो आणि "काढ सहा" म्हणतो. दुसऱ्या दिवशी सकाळी टायर गार झाले की आत उरतात साडेसव्वीस. म्हणजे ताप आलेल्या माणसाला वजन जास्त म्हणून उपाशी ठेवण्यातला हा प्रकार. यावर आक्षेप ठरलेला: गार टायर घेऊन पंपावर जायचं कसं? पंप घराच्या जोत्याला लागून थोडाच असतो? आक्षेप रास्त आहे, आणि उत्तर स्वस्त आहे. काहीशे रुपयांचा गेज घरी ठेवावा, सकाळी गाडी हलवण्याआधी मोजावं, किती पौंड कमी आहेत ते लक्षात ठेवावं आणि पंपावर गेल्यावर तेवढेच पौंड वाढवून घ्यावेत. तिथे गेज काय आकडा दाखवतो याच्याशी कर्तव्य नाही. तिथे वाढ मोजायची, बेरीज नाही.

"पण एक-दोन पौंडांनी काय आभाळ कोसळतं?" असं विचारणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या शेवरोले कॉर्व्हेरची गोष्ट सांगण्यासारखी आहे. १९६० च्या मॉडेलपासून आलेली ही गाडी दिसायला ऐटबाज, इंजिन मागच्या बाजूला, आणि मागच्या चाकांची बसवणूक अशी की जोरात वळवल्यास चाकं आत दुमडून शेपूट बाहेर फेकलं जाण्याची भीती. कंपनीने यावर जो उपाय केला त्यातला मोठा भाग हवेचा होता. पुस्तिकेत लिहिलं: पुढे १५ पौंड, मागे २६. पुढची चाकं मुद्दाम ढिली ठेवायची, म्हणजे वळणावर पकड आधी पुढची सुटेल आणि गाडी शेपूट फेकण्याऐवजी नाकाने सरळ जात राहील. साध्या चालकाला ते सावरायला सोपं. युक्ती बरोबर होती, पण ती माणसांवर सोपवली होती. पुढे १५ हा आकडा बघून कुठल्याही पंपावरच्या माणसाला दया येणारच. तो चारी टायर सारखे करून द्यायचा, आणि ज्या फरकावर गाडी तोललेली तोच नाहीसा व्हायचा. १९६५ मध्ये राल्फ नेडर यांनी 'अनसेफ ॲट एनी स्पीड' या पुस्तकाचं पहिलंच प्रकरण या गाडीवर लिहिलं, आणि १९६९ मध्ये तिचं उत्पादन थांबलं. १९७२ मध्ये सरकारी चाचण्यांचा निष्कर्ष आला की ही गाडी तिच्या काळातल्या इतर गाड्यांपेक्षा काही वाईट नव्हती. निर्दोष सुटका झाली, पण आरोपी तीन वर्षांपूर्वीच वारला होता. आजच्या स्पोर्ट्‌स कारमध्ये बसवणूक कितीतरी सुधारली आहे, पण इंजिन मागे किंवा मध्यभागी असलेल्या पुष्कळ गाड्यांचा पुढचा आणि मागचा आकडा अजूनही वेगळा असतो. तो फरक म्हणजे छापखान्याची चूक नव्हे. तेव्हा "चारी बाजूंना सारखी भर" हे समतेचं तत्त्व घटनेत शोभतं, टायरमध्ये नाही.

इथे एक जाणता वाचक हात वर करेल: कंपनीच्या आकड्यावर एवढी श्रद्धा कशासाठी? कंपनीला गाडी विकायची असते. ग्राहकाला मऊ वाटावं म्हणून ती आकडा खाली ठेवत असेल. हा आक्षेप हवेतला नाही. फोर्डने एक्स्प्लोरर या गाडीसाठी २६ पौंड सांगितले होते, टायर बनवणाऱ्या फायरस्टोनने नंतर ३० हवेत म्हटलं, आणि ऑगस्ट २००० मध्ये जवळपास ६५ लाख टायर परत मागवावे लागले. दोन्ही कंपन्यांनी दोष एकमेकींकडे ज्या चपळाईने टोलवला ती त्यांच्या गाड्यांत असती तर एक्स्प्लोररलाही स्पोर्ट्‌स कार म्हणता आलं असतं. पण या प्रकरणातून धडा कोणता घ्यायचा? सांगितलेला आकडा आधीच काठावरचा असला आणि त्यातून महिन्याला एखादा पौंड आपसूक झिरपत गेला, वर भरपूर सामान आणि ऊन, तर टायरला माफी मिळत नाही. म्हणजे धडा मोजण्याचा आहे, मनाने आकडा ठरवण्याचा नाही. शिवाय खालचा आकडा दिसला की कंपनीने मऊपणाला लाच दिली असं समजणंही चूक. माझदाची एमएक्स-५ ही दोन माणसांची चिमुकली गाडी १९८९ मध्ये आली तेव्हा तिचा आकडा होता चारही चाकांना २६. गाडीचं वजन टनापेक्षा कमी. भागाकार करून पाहा, २६ पौंडांतही पोस्टकार्डाएवढाच तुकडा रस्त्याला टेकतो. तीत शेजारच्या थोराड गाडीचे पस्तीस पौंड भरणं म्हणजे नातवाला आजोबांचं धोतर नेसवणं.

याच कुटुंबातला दुसरा गैरसमज टायरच्या भिंतीवरच्या आकड्याचा. तिथे बारीक अक्षरांत दाब लिहिलेला असतो, तो वाचून कुणीतरी आनंदाने तेवढी हवा भरून घेतं. तो आकडा त्या टायरची कमाल मर्यादा असतो. टायर बनवणाऱ्याला तो कुठल्या गाडीला बसणार हे माहीत नसतं. त्याने फक्त 'याच्या पुढे जाऊ नका' एवढं सांगितलेलं असतं. लिफ्टमध्ये 'कमाल आठ व्यक्ती' लिहिलेलं असतं म्हणून आठ जण जमेपर्यंत आपण खाली थांबत नाही. गाडीचा खरा आकडा ड्रायव्हरच्या दाराच्या चौकटीवर किंवा पेट्रोलच्या टाकीच्या झाकणाआड असतो, आणि बऱ्याच गाड्यांत तिथेही एक नाही तर दोन रकाने असतात: एक दोन माणसांसाठी, दुसरा भरल्या गाडीसाठी किंवा फार मोठ्या वेगासाठी. मराठी माणूस लग्नपत्रिकेतलं मुहूर्ताचं मिनिटसुद्धा तपासतो. हा चार ओळींचा मजकूर मात्र गाडी विकून टाकेपर्यंत वाचायचा राहतो.

सगळ्यात रुबाबदार आक्षेप ट्रॅकवरच्या मंडळींचा. ते म्हणतात, शर्यतीत आम्ही कंपनीच्या आकड्यापेक्षा हवा कमीच भरतो, मग रस्त्यावर का नको? बरोबर आहे, पण ते दुसरं काय काय करतात तेही ऐका. ते जाणूनबुजून कमी भरून निघतात, कारण काही फेऱ्यांत टायर इतका तापतो की दाब आपोआप हव्या तिथे येतो. ते टायरच्या कडेला खडूची रेघ ओढतात आणि वळणं घेऊन आल्यावर रेघ कुठवर पुसली ते बघतात. फार पुसली तर टायर कुशीवर लोळतोय, हवा वाढवा. ते टायरचं तापमान आत, मधे आणि बाहेर असं तीन ठिकाणी घेतात; मधला भाग दोन्ही कडांहून गरम आला तर हवा जास्त. म्हणजे त्यांच्याकडे मत नसतं, मोजमाप असतं. हा छंद कुठल्या थराला जातो पाहा: २०१५ मध्ये मोंझाच्या फॉर्म्युला वन शर्यतीत लुईस हॅमिल्टनच्या मागच्या डाव्या टायरमध्ये ठरलेल्या किमान दाबापेक्षा ०.३ पौंड हवा कमी आढळली. शर्यत जिंकल्यावर त्याला चौकशीला तोंड द्यावं लागलं. अखेर कारवाई झाली नाही आणि विजय कायम राहिला. एक तृतीयांश पौंडाहून कमी हवेवर तिथे पंच बसतात. इथे 'तीस-पस्तीस' या दोन आकड्यांमधल्या पाच पौंडांत अशा सोळा चौकश्या बसतील. तुम्हाला ट्रॅकवरच्यासारखी हवा कमी करायची असेल तर जरूर करा, पण आधी खडू घ्या.

रस्ता आणि ट्रॅक यांत दुसरा फरक पावसाचा. नासाच्या अभियंत्यांनी विमानाच्या टायरांवर प्रयोग करून एक सूत्र काढलं: साचलेल्या पाण्यावर टायर रस्ता सोडून तरंगू लागण्याचा वेग दाबाच्या वर्गमुळाबरोबर वाढतो. त्या हिशेबाने ३२ पौंडांना तो वेग ताशी सुमारे ९४ किलोमीटर येतो, आणि २५ पौंडांना ८३. गाडीच्या टायरला हे आकडे जसेच्या तसे लागू होत नाहीत. नक्षीची खोली, रुंदी, पाण्याची उंची यांनी ते बदलतात. त्यातही स्पोर्ट्‌स कारचा रुंद टायर लवकर तरंगतो, झिजलेला त्याहून लवकर. पण दिशा स्पष्ट आहे: हवा घटली की तरंगणं अलीकडे येतं. जुलैत मुंबई-पुणे रस्त्यावर पोस्टकार्ड पाण्यात भिजलं की त्यावरचं 'थांब' हे अक्षर रस्त्याला वाचता येत नाही. कंपनीचा आकडा असल्या दहा गोष्टींची तडजोड असतो: पकड, झीज, पाऊस, वजन, वेग, मणका. तो कशातच पहिला येत नाही आणि कशातच नापास होत नाही. आपण मुलांना असं वागायला सांगतो, टायरला मात्र गुणवत्ता यादीतच यावं लागतं.

उरले नायट्रोजनवाले आणि पिवळ्या दिव्यावाले. नायट्रोजनचे फायदे खोटे नाहीत: तो कोरडा असतो, थोडा हळू झिरपतो, विमानांत आणि शर्यतीत म्हणूनच वापरतात. पण तापल्यावर तोही फुगतो आणि मोजावा त्यालाही लागतोच. शिवाय जॉन बॉइड डनलॉप या बेलफास्टच्या पशुवैद्याने मुलाच्या तीनचाकीसाठी हवेचा टायर केला आणि १८८८ मध्ये त्याचं पेटंट घेतलं, त्या टायरमध्येही ७८ टक्के नायट्रोजन होताच; त्याचे वेगळे पैसे कुणी घेतले नाहीत. पिवळ्या दिव्याचं म्हणाल, तर हवा उतरल्याची सूचना देणारी ही यंत्रणा अमेरिकेत सक्तीची झाली ती एक्स्प्लोररच्याच गोंधळानंतर, पण तिथल्या नियमाने तो दिवा सांगितलेल्या दाबापेक्षा पंचवीस टक्के हवा कमी झाल्यावर लागला तरी चालतो. बत्तिसाचे चोवीस होईपर्यंत गप्प राहायची त्याला मुभा आहे. दिवा हा घरातल्या वडीलधाऱ्यांसारखा असतो: बोलतो तेव्हा प्रकरण हाताबाहेर गेलेलं असतं.

यानंतर एकच आक्षेप शिल्लक राहतो, सगळ्यांत मराठी: "फुटायचा तो फुटतोच, नशिबात असतं ते टळत नाही." या युक्तिवादाचाही निकाल लागलेला आहे, आणि तो कोर्टात. पुणे-मुंबई प्रवासातल्या एका अपघाताच्या भरपाईच्या प्रकरणात विमा कंपनीने टायर फुटणं ही देवाची करणी असल्याचं म्हटलं. २०२३ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ते मानलं नाही. टायर फुटतो तो निष्काळजीपणाने, आणि त्याच्या कारणांत कमी किंवा जास्त हवाही येते, असा न्यायालयाच्या म्हणण्याचा अर्थ. देव सुटला. आता जबाबदारी उरली ती गेज हातात धरणाऱ्यावर. तेव्हा महिन्यातून दोनदा, सकाळी, गाडी गार असताना, मालकाने खाली उतरावं. टायर बुटके, वॉल्व्ह जमिनीलगत; कोटीची गाडी असो की दीड कोटीची, तिच्यापुढे उकिडवं बसावंच लागतं, तेही चार वेळा. सोसायटीतले लोक बघत असतात, गुडघे वाजतात, टोपण हातातून निसटून गाडीखाली घरंगळतं आणि ते शोधायला पालथं पडावं लागतं. डोक्यातली हवा उतरवायला यापेक्षा खात्रीचा व्यायाम नाही. चारी आकडे जुळले की टोपणं लावावीत, हात झटकावेत आणि मगच किल्ली फिरवावी. एकदा गाडी सुरू झाली की दोन्ही ठिकाणची हवा तापायला लागते, आणि तापल्यावर घेतलेल्या मापावर किती विसंबायचं ते वर सांगितलंच आहे.